तिघांचा फोटो

"तो टोकाचा पापड दिसतोय का तुला?" शालनमावशीनं विचारलं.

"नाही दिसत."

"मग काढ बघू."

मी बटण दाबलं आणि तिच्या पदराच्या आडोशाला कॅमेरा धरून मागच्या स्क्रीनवर बघितलं. टोकाचा पापड फोटोत आला होता. त्याच्या पलीकडचाही आला होता.

"अगंबाई," मावशी म्हणाली, "हे तर लबाड आहे."

त्या काळी मी पुण्यातल्या एका मासिकात कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहीत असे. खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे नुकतेच आवाक्यात आले होते आणि मुलगी बघायला जाताना विचारत नाहीत इतके प्रश्न लोक कॅमेरा घेताना विचारायचे. कॅमेरा आठवडाभर वापरायला यायचा आणि परत जायचा. या खेपेला संपादकांनी एकच सांगितलं होतं, "बाकीचे सगळे मेगापिक्सेलवर लिहितात. तू डोळा कुठं लावायचा त्यावर लिही." या कॅमेऱ्याला मागे स्क्रीन होता आणि वर बोराएवढं एक भोकही होतं, ज्याला व्ह्यूफाइंडर म्हणतात. दोघांपैकी भरवशाचं कोण, तेवढं वाचकांना सांगायचं. मावसबहिणीच्या, वृषालीच्या, केळवणाला बार्शीला जायचंच होतं, म्हणून कॅमेरा पिशवीत टाकला.

बार्शीच्या उन्हानं स्क्रीनचा निकाल सकाळीच लावला. गच्चीवर त्यात काही म्हणजे काही दिसेना. मावशीनं डोकावून बघितलं आणि म्हणाली, "यात तर मीच दिसतेय. आरसा आहे होय?" भोकातून मात्र सगळं लख्ख दिसत होतं, फक्त कमी दिसत होतं. वृषालीच्या रुखवतासाठी केलेले पापड जुन्या लुगड्यावर ओळीनं वाळत घातले होते आणि लुगडं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर अर्ध्या विटा ठेवल्या होत्या. मोजमापाला याहून चांगली सोय कुठं मिळणार? भोकातून एका ओळीतले सात पापड दिसत आणि फोटोत नऊच्या वर येत.

"जास्तीचे दोन्हीकडं सारखेच येतात का गं?" मावशीनं विचारलं.

"नाही. भोक जरा तिरकं बसलंय. उजवीकडं थोडंसंच जास्त येतं, डावीकडं भरपूर."

"कुणाच्या डावीकडं?"

"माझ्या. कॅमेरा धरणाऱ्याच्या."

ती खाली गेली आणि काठाला पोचा पडलेली एक स्टीलची वाटी घेऊन आली. ती लुगड्याच्या डाव्या कडेला ठेवून म्हणाली, "ही दिसते?"

"दिसते."

"आता?"

"आता नाही."

"काढ."

वाटी फोटोत अख्खी आली. मावशीनं ती जरा इकडेतिकडे सरकवून मला परत काढायला लावलं. मग आणखी एकदा. तिच्या चिकाटीचं मला कौतुक वाटलं. लेकीच्या लग्नाच्या धांदलीत बाईला घटकाभर विरंगुळा मिळतोय, असं मी धरून चालले.

"पुरे आता," ती शेवटी म्हणाली. "धनू येईल इतक्यात." आणि पापड उलटायला बसली.

धनू, म्हणजे धनंजय, तिचा थोरला मुलगा. तो चार वर्षांनी घरी येणार होता.

त्याचं असं झालं होतं. नरहरीकाका, मावशीचे यजमान, जमीन मोजणीच्या खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले. तालुक्यात त्यांना मोजणीदार शेटे म्हणूनच ओळखत. शेटे मोजणीदारांनी दुर्बिणीला डोळा लावून दगड रोवला की भावाभावांची भांडणं मिटत, अशी त्यांची ख्याती. धनूनं त्यांच्याच हाताखाली शिकून खासगी मोजणीची कामं घ्यायला सुरुवात केली आणि दोनच वर्षांत एका मित्राच्या भिडेखातर हद्दीचा दगड दोन फूट पलीकडे रोवला. शेजारच्या शेतकऱ्यानं बोंब मारली. गावानं फेरमोजणीला कुणाला बोलवावं? काकांनाच. काकांनी मोजलं आणि पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, "दगड हललाय. माझ्या मुलानं हलवलाय." धनू त्याच आठवड्यात लातूरला निघून गेला. तिथं तो हार्डवेअरच्या दुकानात होता.

काका वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मावशीला त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. ते खरे होते आणि खऱ्या माणसापुढं काही चालत नाही. वृषालीनं रडून-रडून केळवणाला भावाला बोलवायची परवानगी मिळवली, तेव्हा त्यांनी अट घातली होती, "येऊ दे, जेवू दे. पण फोटोत उभा राहायचा नाही. जेवण पोटात जातं, फोटो भिंतीवर राहतो." लग्नाला तर त्याला बोलावणंच नव्हतं. मावशी यावर फक्त एकदा मला म्हणाली होती, "पोरगी आठ दिवसांनी जाईल. मग माझ्या घरात दोन्ही लेकरं एकत्र कधी दिसायची?"

मावशीच्या घरातल्या फोटोंचा आणखी एक नियम होता आणि तो तिचा स्वतःचा होता. तिघांचा फोटो काढायचा नाही. तिघांचा काढला की मधला जातो, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं आणि त्यावर तिचा काकांच्या दुर्बिणीइतकाच विश्वास होता. त्यामुळं त्यांच्या अल्बममध्ये जिथं तिघं उभे राहायला हवेत तिथं हमखास कुणीतरी चौथं उपरं दिसतं. कधी शेजारची तारा, कधी दूध घालायला आलेली बाई, दोन ठिकाणी मी. एका फोटोत तर कुणीच मिळेना म्हणून मावशीनं देवघरातला बाळकृष्ण हातात घेतला आहे. आम्ही पोरं तिला यावरून फार चिडवायचो. तिच्यावर ढिम्म परिणाम व्हायचा नाही.

धनू जेवायच्या वेळेला आला. मला तो रोड वाटला. मावशीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि डोळे न पुसताच आत गेली. काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते. धनू वाकून पाया पडला. काकांनी पाय मागे घेतले नाहीत आणि हातही उचलला नाही.

पंगतीत वृषाली पाटावर, भोवती रांगोळी. काका आणि धनू समोरासमोर बसले होते आणि मावशी वाढत होती.

"त्याला पुरण वाढा," काका ताटाकडे बघून म्हणाले.

"पुरे आता," धनू म्हणाला.

"त्याला म्हणावं, आग्रह करायला लावू नये."

"अप्पा, दादा समोर बसलाय," वृषाली म्हणाली. "त्यालाच सांगा की."

काकांनी कटाची वाटी तोंडाला लावली. धनूनं पोळी खाल्ली. मला त्या दोघांचा सारखाच राग आला.

जेवणं झाल्यावर वृषालीनं फोटोचा विषय काढला. "मंजू, आमचा चौघांचा एक फोटो काढ ना. माझं शेवटचं केळवण आहे घरचं."

"तिघांचा," काका म्हणाले.

वृषालीचं तोंड उतरलं. धनू उठून चपला शोधायला लागला.

"अप्पा, निदान शेजारी तरी उभा राहू दे त्याला. फोटोत नको तर नको. मला तो दिसू दे तरी."

काकांनी थोडा विचार केला. "शेजारी उभा राहू दे. शेजारी उभं राहायला कुणाची ना नाही. पण हद्दीत यायचं नाही. मी स्वतः बघणार."

मी मावशीकडे बघितलं. आता ही ताराला हाक मारणार, नाहीतर बाळकृष्ण आणणार. पण ती हात पुसत म्हणाली, "चला गच्चीवर. घरात अंधार आहे."

"आई, तिघांचा?" वृषाली म्हणाली. "आणि मधे मी आहे! लग्न आठ दिवसांवर आलंय माझं."

"काही होत नाही."

"ताराला बोलावू का?" मी विचारलं.

"कुणी नको."

"मावशी, तू बरी आहेस ना?"

"तू कॅमेरा घे गं. ऊन डोक्यावर आलंय, पायाला चटके बसतील."

गच्चीवर पापडांचं लुगडं एका बाजूला सरकवून जागा केली. वृषाली मधे उभी राहिली, काका माझ्या उजव्या हाताला. मावशी आपण होऊन डाव्या टोकाला गेली आणि म्हणाली, "धनू, तू इकडं ये, माझ्या अंगाला."

मी सवयीनं कॅमेरा हातभर लांब धरून स्क्रीनवर हाताची सावली केली.

"त्या काचेत नको बघू," मावशी म्हणाली. "उन्हात काय दिसतंय त्यात? सकाळी तूच म्हणालीस. भोकातून बघ."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "काच हे खेळणं आहे. डोळा लावल्याशिवाय खरं दिसत नाही. आण इकडं."

ते माझ्याजवळ आले, चष्मा कपाळावर चढवला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. त्यांच्या जागी मी जाऊन उभी राहिले. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला माणूस, पण डोळा लावताच पाठ सरळ झाली आणि डावा हात आपोआप वर उठला. याच हातानं त्यांनी आयुष्यभर लांब उभ्या असलेल्या माणसांना सरकवलं होतं.

"दिसतोय," ते म्हणाले. हात हलला. "सरक."

धनू सरकला.

"अजून दिसतोय. खांदा दिसतोय. सरक."

धनू आणखी एक पाऊल सरकला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हे सरकणं त्याला ठाऊक होतं. लहानपणी सुट्टीत काकांच्या मागे रानात जाऊन तो असाच पट्टीची काठी धरून उभा राहायचा.

"आता नाही. थांब तिथंच."

काकांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, लुगड्याच्या कोपऱ्यावरची अर्धी वीट उचलली आणि धनूच्या पायाशी नेऊन ठेवली. हद्दीचा दगड रोवावा तशी ती पायानं ठोकून बसवली. एवढं जवळ ते चार वर्षांत पहिल्यांदा गेले असतील. "ही खूण," ते विटेला म्हणाले, "हिच्या आत यायचं नाही," आणि आपल्या जागेवर परत आले.

"धनू, ऐकलंस ना?" मावशी म्हणाली. "ह्यांनी खूण केलीय. तिथनं हलू नकोस. आतही येऊ नकोस आणि बाहेरही जाऊ नकोस."

मी परत माझ्या जागी जाऊन डोळा लावला. भोकात तिघं होती. काका ताठ, वृषाली रडवेली. मावशीच्या पदराशी चौकट संपत होती. मी दुसरा डोळा उघडला तेव्हा त्या चौकटीच्या पलीकडे, विटेला पाय लावून, धनू उभा होता. सकाळी वाटी जिथं ठेवली होती, बरोबर तिथं.

मग मी मावशीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिची पापणी लवत नव्हती. मला हसू आणि रडू एकदम आलं आणि दोन्ही दाबायची होती.

"काय गं, थांबलीस का?" काकांनी विचारलं. "तो दिसतोय की काय?"

"नाही, काका," मी म्हणाले. "भोकातून दिसत नाही."

"मग काढ."

मी काढला.

काका लगेच बघायला आले. मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी स्क्रीन वरखाली करून बघितला, चष्मा लावून बघितला, काढून बघितला. "यात तर मीच दिसतोय," ते म्हणाले.

"म्हणून तर म्हणते, काच काही कामाची नाही," मावशी म्हणाली. "मंजू, बंद कर तो. सेल उतरतील. आणि सगळे खाली चला, आइस्क्रीम पातळ होतंय."

धनू संध्याकाळच्या गाडीनं गेला. निघताना मावशीनं त्याच्या पिशवीत पापड भरले. मला बस स्टँडवर सोडायला ती रिक्षात बरोबर आली, पण फोटोबद्दल चकार शब्द बोलली नाही. गाडी हलायला लागल्यावर खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "मोठा काढून पाठव."

पुण्याला आल्यावर कॉम्प्युटरवर तो फोटो मी पहिल्यांदा नीट बघितला. तिघं कॅमेऱ्याकडे बघत होती, तोंडं फोटोसाठी करतात तशी केलेली. धनू अख्खा आला होता, विटेसकट. आपण फोटोत नाही अशी त्याची खात्री होती, त्यामुळं त्याचं कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हतं. तो वृषालीकडे बघत होता. धाकट्या बहिणीकडे माणूस कसं बघतो ते मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे, पण फोटोत पकडलेलं एवढं एकदाच. मी मोठी प्रत काढून बार्शीला पाठवली आणि पुढचे काही दिवस फोन वाजला की दचकत होते.

फोन आला नाही. वृषालीचं लग्न सोलापूरला झालं. त्या वेळी काका माझ्याशी हवापाण्यावर बोलले. मासिकात परीक्षण छापून आलं, सोबत पापडांचा फोटो. मासिक त्यांच्या घरी जात असे, माझ्या कौतुकापोटी वर्गणी भरलेली होती. त्यावरही कुणी काही बोललं नाही.

दिवाळीत मी बार्शीला गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि थबकले. झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर तो फोटो चौकटीत लावलेला होता. ओळंबा सोडून लावावा इतका सरळ. काका झोपाळ्यावर बसले होते. मी त्यांच्या पाया पडले.

"बस," ते म्हणाले. "तुझा कॅमेरा चुकीचा आहे."

"हो, काका. भोक तिरकं होतं. परीक्षणात लिहिलंय मी."

"वाचलं." झोपाळा कुरकुरला. "मी स्वतः डोळा लावला होता. वीट मी ठेवली."

"हो."

"यंत्र आधी तपासायचं, मग खूण करायची. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी शिकवलं. त्यालाही शिकवलं होतं." भिंतीकडे बोट न करता त्यांनी नुसती मान हलवली. "आणि मीच न तपासता खूण केली. जन्मात पहिल्यांदा."

"तुम्हाला कुठं माहीत होतं, काका."

"माहीत नव्हतं म्हणूनच तपासायचं असतं. त्यानं मुद्दाम दगड हलवला, मी गाफील राहून वीट ठेवली. फरक आहे. तो विसरायचा नाही. पण खूण माझ्या हातची आहे. आपल्या हातची खूण अडचणीची निघाली म्हणून मोजणीदार ती उपटत नाही. म्हणून मीच खिळा ठोकला."

आतून चकल्या तळल्याचा वास येत होता.

"आणखी एक," काका हलक्या आवाजात म्हणाले. "पापडांच्या फोटोत एक वाटी आहे. काठाला पोचा पडलेली."

"आहे."

"आमच्या घरची आहे ती. डाव्या कडेला कुणी ठेवली, ते मी घरात विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसला. "या फोटोची अजून एक प्रत पाहिजे. लातूरला पाठवायची आहे. पाडव्याला आला तर हातातच देऊ, पण येतो की नाही कोण जाणे. पत्रात लिहिलंय तसं."

"कुणी लिहिलंय?"

"मीच. दुसरं कोण लिहिणार?"

मी स्वयंपाकघरात गेले. मावशी कढईपुढे बसून सोऱ्यानं चकली पाडत होती. तिनं मान वर केली नाही. मी तिच्या शेजारी पाट ओढून बसले आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलंच. वाटीबद्दल नाही, ते विचारायचं नाही असं ठरलं होतं.

"मावशी, जन्मभर तिघांचा फोटो काढू दिला नाहीस. त्या दिवशी कसा काय काढू दिलास? तेही वृषाली मधे असताना?"

मावशीनं चकलीचं शेवटचं टोक बोटानं चिकटवलं आणि ती तेलात सोडली.

"काहीतरीच काय बोलतेस, मंजू," ती म्हणाली. "तिघांचा फोटो मी काढू देईन होय?"